‘अनुवादक संपणार’ या वादात विचारायचा राहून गेलेला प्रश्न

तुम्ही लिहिलंय की भाषा विषयात नुकतीच पदवी घेतली, अनुवादाची मनापासून आवड आहे, पण दर आठवड्याला ‘एआयनं आता हेही करून दाखवलं’ अशी बातमी येते आणि मित्रांमध्ये दोन तट पडतात. एक गट म्हणतो, दोन वर्षांत अनुवादक, कारकून, प्रोग्रामर सगळे घरी बसणार. दुसरा म्हणतो, कॉम्प्युटर आले, एटीएम आली, तेव्हाही हीच ओरड झाली होती, कुणाचं काही बिघडलं नाही. यांतलं खरं कुणाचं, आणि अशा वेळी या क्षेत्रात यावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतेय. सुरुवात यंत्रांच्या माहितीपुस्तिकांपासून झाली. गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक वैद्यकीय आणि कायदेशीर कागद असतात. तेवढ्या आधारावर सांगते, दोन्ही गट ‘काम राहणार की जाणार’ यावर भांडतायत आणि माझ्या धंद्यात जे घडलं ते दोन्हींच्या उत्तरात बसत नाही. काम राहिलं, किंबहुना वाढलं. दर पडले. आणि चूक झाली तर ती कुणाची, हे पूर्वी जितकं स्वच्छ होतं तितकं आता राहिलेलं नाही. बातमीत या तिन्हींतलं काहीच येत नाही, म्हणून वादातही येत नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करून पुढे जाते. माझा अनुभव लिखित मजकुराचा आहे. दुभाषाचं काम, साहित्याचा अनुवाद, उपशीर्षकं, यांची गणितं वेगळी. ज्या भाषेत संगणकावर भरपूर मजकूर आहे तिथे अनुवाद करणारं मशीन लवकर सुधारतं, मराठीसारख्या भाषेत उशिरा. आणि तुमच्या घरची जबाबदारी किती, पहिली दोन-तीन वर्षं कमी पैशांत काढता येतील का, हे मला माहीत नाही. निर्णयात त्याचं वजन माझ्या सांगण्यापेक्षा जास्त असणार.

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ साली. तेव्हाची पद्धत आकडेवारीवर चालायची: आधी झालेल्या अनुवादांतून शब्दांचे तुकडे शोधायचे आणि जुळवायचे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, नामाचं सामान्यरूप होतं, प्रत्यय त्याला चिकटतो. त्या पद्धतीला यातलं फारसं झेपत नव्हतं. वाक्य मोडकं यायचं आणि ते मोडलंय हे शाळकरी पोरालाही दिसायचं. एप्रिल २०१७ मध्ये मराठीसाठी न्यूरल पद्धत आली. ती अख्खं वाक्य एकदम विचारात घेते, त्यामुळे मराठी अचानक वाहती झाली. मी तेव्हा एका कपडे धुण्याच्या मशीनच्या पुस्तिकेवर काम करत होते. कुतूहल म्हणून दोन पानं टाकून पाहिली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. दहातली सहा-सात वाक्यं मी फारशी वेगळी लिहिली नसती.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, ज्या एजन्सीकडून मला नियमित काम यायचं तिचा मेल आला. यापुढे मजकूर मशीनमधून काढून पाठवला जाईल, तुम्ही पोस्ट-एडिटिंग करायचं, म्हणजे मशीनचा अनुवाद तपासून दुरुस्त करायचा, दर शब्दामागे नेहमीच्या निम्म्याहून कमी. खाली आणखी एक वाक्य होतं: अंतिम मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी एडिटरची राहील. पैसे अर्धे, जबाबदारी पूर्वीइतकीच.

वरवर पाहता यात गैर वाटत नाही. अर्धं काम मशीननं केलं तर अर्धे पैसे. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून महिनाभर घड्याळ लावून वेळ मोजला. पुस्तिकांना खरोखरच निम्म्याहून कमी वेळ लागत होता. तिथे एजन्सीचा हिशेब बरोबर होता. वैद्यकीय कागदांना मात्र जेमतेम दहावा हिस्सा वेळ वाचत होता. दर दोन्हींना एकच. असं का होतं ते एका कागदावरून दाखवते, कारण सगळ्या वादाची किल्ली मला तिथे सापडली.

औषधचाचणीचं संमतिपत्र होतं. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णानं ते वाचून सही करायची असते. मूळ इंग्रजी मजकुरात चाचणी करणारे म्हणत होते की इजा झाली तर उपचारांचा खर्च आमचा. मशीननं लिहिलं: ‘चाचणीमुळे इजा झाल्यास उपचारांचा खर्च आपण करू.’ इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. मराठीत ‘आपण’ म्हटलं की ऐकणाराही त्यात आला, शिवाय समोरच्या एकट्यालाही आपण आदरानं ‘आपण’ म्हणतो. रुग्ण ते वाक्य वाचणार आणि समजणार की खर्चात माझाही वाटा आहे. कदाचित सही करणार नाही. कदाचित करेल, आणि पुढे काही झालं तर आपल्यालाच पैसे भरायचेत असं समजून दवाखान्याची पायरी चढणार नाही.

त्याच कागदात चार पानं पुढे होतं: ‘डॉक्टरांनी सांगितल्यास औषध बंद करू नका.’ हवं होतं ‘सांगितल्याशिवाय’. एवढासा फरक, अर्थ उलटा.

दोन्ही वाक्यं व्याकरणानं शुद्ध आहेत, वाचताना कुठे खडा लागत नाही. जुन्या मशीनचं मोडकं वाक्य स्वतःच हात वर करायचं, मला दुरुस्त करा म्हणायचं. आताचं गुळगुळीत वाक्य गप्प बसतं. त्यातली चूक पकडायची तर मूळ वाक्य शब्दाशब्दानं वाचून मनात अनुवाद पुन्हा करावाच लागतो, आणि तिसऱ्या तासाला डोळे ते करायला नकार देतात. म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. आधी मूळ वाचायचं, मनात माझं वाक्य जुळवायचं, मग मशीनचं वाक्य उघडायचं. उलट्या क्रमानं केलं तर मशीनचं वाक्यच डोक्यात बसतं आणि तेच मूळ वाक्यात दिसायला लागतं. या शिस्तीला वेळ लागतो, आणि निम्म्या दरात तो वेळ कुणी मोजत नाही.

आता तुमच्या मित्रांच्या पहिल्या गटाकडे येते, जो प्रत्येक बातमीवर ‘संपलं’ म्हणतो.

मशीन अनुवादाच्या बाबतीत ही घोषणा जुनी आहे. ७ जानेवारी १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी एक प्रयोग दाखवला. रशियन भाषेतली साठाहून अधिक वाक्यं संगणकानं इंग्रजीत आणली. वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली आणि तीन ते पाच वर्षांत हा प्रश्न सुटेल असं सांगितलं गेलं. त्या संगणकाकडे २५० शब्द आणि सहा नियम होते आणि वाक्यं आधीच निवडून ठेवलेली होती. १९६६ मध्ये अल्पॅक नावाच्या अमेरिकी सरकारी समितीनं, खर्चाच्या मानानं हाती काही लागत नाही असा अहवाल दिला आणि पैसा आटला.

पण यावरून ‘म्हणजे मशीनला जमतच नाही’ असाही निष्कर्ष काढू नका. कॅनडात १९७७ पासून २००१ पर्यंत मेटेओ नावाची प्रणाली हवामानाचे अंदाज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करत होती आणि उत्तम करत होती. शब्द मोजके, वाक्यांचे साचे ठरलेले, आणि रोज तेच ते करायचा माणसांना कंटाळा. मशीनला काय जमतं हे मजकुरावर ठरतं, हे तेव्हापासून दिसत आलेलं आहे. बातमीत मात्र ‘अनुवाद’ असा एकच शब्द येतो, जणू हवामानाचा अंदाज आणि संमतिपत्र एकाच मापाचे आहेत.

अलीकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जाहीर केलं की चिनीतून इंग्रजीत बातम्यांचा अनुवाद करताना त्यांच्या प्रणालीनं माणसाची बरोबरी गाठली. संशोधन प्रामाणिक होतं आणि तपशील त्यांनी उघड ठेवले होते. पण मथळ्यात फक्त ‘बरोबरी’ राहिली. तपासणाऱ्यांना सुटी सुटी वाक्यं दाखवली होती. चाचणीतल्या चिनी वाक्यांपैकी निम्मी मुळात इंग्रजीतून चिनीत गेलेली होती, म्हणजे परतीची वाट सोपी होती. त्याच वर्षी इतर संशोधकांनी व्यावसायिक अनुवादकांसमोर अख्ख्या बातम्या ठेवल्या, तेव्हा त्यांनी माणसाचा अनुवाद स्पष्टपणे पसंत केला. सुट्या वाक्यात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्ही बरोबर दिसतात. कोण बोलतंय हे मागच्या परिच्छेदात असतं.

म्हणून अशी बातमी आली की मी मथळा सोडून आत शिरते. नेमकं काय करायला दिलं होतं, तपासलं कुणी आणि तुलना कुणाशी झाली, हे शोधते. पुष्कळदा एवढ्यानंच वादाचा ताप उतरतो. हिंटन यांचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. जेफ्री हिंटन म्हणजे न्यूरल नेटवर्कच्या पायाभरणीतले शास्त्रज्ञ, २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. २०१६ मध्ये ते म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा सरस होईल. ती पाच वर्षं केव्हाच उलटली, रेडिओलॉजिस्ट आजही घडतायत आणि कामही करतायत. एक्स-रे वाचण्यात मशीन खरोखर तरबेज झालं आहे. पण एक्स-रे वाचणं हे त्यांच्या दिवसातलं एक काम. रुग्णाचा जुना इतिहास पाहणं, दुसऱ्या डॉक्टरशी बोलणं, पुढची तपासणी कोणती ते ठरवणं, शेवटी अहवालावर सही करणं, हे सगळं ‘एक्स-रे वाचला’ या शब्दांत मावत नाही. इतका मोठा जाणकारही एका कामाला पूर्ण पेशा समजून बोलला, तर तुमच्या मित्रांचं काय चुकलं?

दुसरा गट एटीएमचा दाखला देतो. त्याचं आकर्षण मला कळतं, कारण धीर देणारा आहे आणि अर्धा खराही आहे. पहिलं एटीएम लंडनच्या एनफिल्ड भागात जून १९६७ मध्ये लागलं. पुढे अमेरिकेत एटीएम सर्वत्र पसरली तरी बँकेतल्या रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. जेम्स बेसन या अर्थतज्ज्ञानं त्याचं कारण मांडलं: शहरातल्या एका शाखेला १९८८ मध्ये सरासरी २० रोखपाल लागत, ते २००४ पर्यंत १३ वर आले, शाखा चालवणं स्वस्त झालं, बँकांनी शाखा वाढवल्या, म्हणून एकूण माणसं तेवढीच राहिली. दाखला इथवर दिला जातो. पण मधल्या काळात नोटा मोजणाऱ्या माणसाचं काम ग्राहकाला योजना समजावून विकण्याचं झालं होतं. ज्याला ते जमलं तो टिकला, ज्याला जमलं नाही तो एकूण बेरजेत दिसत नाही. आणि मोबाइलवर बँक आल्यावर शाखाच कमी होऊ लागल्या आणि रोखपालही घटू लागले. ‘काही बिघडलं नाही’ हे म्हणणं मोजणी कुठे थांबवता यावर अवलंबून आहे.

इथवरचं थोडक्यात: मशीन आधी कामाचे तुकडे उचलतं, पेशा नंतर बदलतो. कुठले तुकडे उचलणार हे मजकुरावर आणि चुकीच्या किमतीवर ठरतं. आणि एकूण आकडा स्थिर असला तरी त्याच्या पोटात माणसांची उलथापालथ झालेली असू शकते.

या वादात ‘लडाइट’, म्हणजे यंत्राचा आंधळा विरोधक, हा शब्द हमखास शिवीसारखा येतो, म्हणून त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १८११ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये ज्या विणकरांनी यंत्रं फोडली, ते यंत्राला घाबरणारे अडाणी लोक नव्हते. मोजे विणायचे माग त्यांच्या धंद्यात दोनशे वर्षं चालत आलेले होते. त्यांची तक्रार होती की रुंद मागावर कापड विणून, ते कापून, शिवून हलके मोजे बाजारात आणले जातायत, न शिकलेल्या माणसांना कमी मजुरीवर बसवलं जातंय आणि सगळ्या मोज्यांची पत जातेय. दर आणि दर्जा, दोन्ही एकदम. उत्तर म्हणून सरकारनं १८१२ मध्ये माग फोडणाऱ्याला देहदंडाचा कायदा केला. एजन्सीचा मेल हातात असताना मी हे वाचलं आणि मला ती माणसं फार जवळची वाटली. माझंही मशीनशी भांडण नाही. ‘अर्धा दर, पूर्ण जबाबदारी’ हे एका माणसानं ठरवलं होतं, आणि मशीन नसतं तरी त्यानं दुसरं निमित्त शोधलं असतं.

मशीनचा मोठा फायदाही झालाय आणि तो लपवणं मला बरोबर वाटत नाही. जगातल्या बहुतेक मजकुराचा अनुवाद कधीच होत नव्हता, कारण पैसे द्यायला कुणी नव्हतं. आज एखादी आई औषधाच्या खोक्यावर फोन धरते आणि तिला मराठीत काहीतरी वाचता येतं. तिच्या आणि माझ्या धंद्याच्या हितात निवड करायची वेळ आली तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन. अट एकच, आपण मशीनचं वाचतोय हे तिला माहीत असावं. फोनमधला अनुवाद वाचणारा माणूस थोडा सावध असतो. छापील पत्रकावर तोच अनुवाद आला की त्याला वाटतं, कुणीतरी तपासला असेल. ‘परवा या’ एवढाच निरोप घ्या. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही; मराठी माणूस क्रियापदावरून ओळखतो, पण परक्या भाषेत नेताना एकच बाजू निवडावी लागते आणि मशीन चुकीची निवडू शकतं. ज्याला दोन्हींपैकी एकच भाषा येते त्याला काही चुकलंय हे कळायला मार्गच नाही. म्हणून मशीननं केलेल्या आणि माणसानं न पाहिलेल्या प्रत्येक छापील मजकुरावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं, असं माझं ठाम मत आहे. मित्रांच्या वादात तुम्हाला एखादी बाजू घ्यायचीच असेल, तर ही घ्या.

आता तुमचा निर्णय. पुस्तिका, उत्पादनांची वर्णनं, वेबसाइटवरचा साधा मजकूर शब्दामागे दर लावून करायचा आणि त्यावर घर चालवायचं, या योजनेनं येत असाल तर येऊ नका. ते काम मशीनकडे गेलंय. चूक झाली तर जिथे कुणाचं तरी नुकसान होतं असा एखादा विषय, वैद्यक, कायदा, विमा, खोलवर शिकायची तयारी असेल, तर जागा आहे. पोस्ट-एडिटिंग नाकारू नका, पण दर शब्दावर नको, तासावर मागा. मजकुराचा नमुना पाहिल्याशिवाय आकडा सांगू नका. जबाबदारीचं कलम आधी वाचा आणि दर निम्मा असेल तर ते कलम खोडायला सांगा. मी तसं सांगितलं तेव्हा ती एजन्सी दोन महिने गप्प होती. मग वैद्यकीय मजकुरापुरतं कबूल झाली.

माझ्या मनात खरी काळजी वेगळीच आहे, आणि कुठल्याच बातमीत मी ती वाचलेली नाही. मी शिकले ते त्या सोप्या पुस्तिकांवर. पहिलं वर्षभर एक वयस्कर मुद्रितशोधक माझी पानं लाल शाईनं रंगवून परत पाठवायचे. ‘पाणी सोडा’ की ‘पाणी येऊ द्या’, यावर समासात चार ओळी असायच्या. त्या पानांवर झालेल्या चुकांनी कुणाचं फारसं बिघडत नव्हतं आणि शिकताना पोटापुरतं मिळत होतं. आता ती खालची पायरीच मशीननं नेली. वरच्या पायरीवर जाणकार माणूस हवाय असं सगळे म्हणतात, पण तो जाणकार कुठे तयार होणार याचं उत्तर एजन्सीकडे नाही आणि माझ्याकडेही पूर्ण नाही. संस्थांनी नवख्यांना जाणत्याच्या हाताखाली पगारी बसवायला हवं. ते होईपर्यंत ही पायरी तुम्हाला स्वतःच बांधावी लागेल.

मी सुचवते ते असं. एखादं संमतिपत्र किंवा औषधाचं माहितीपत्रक घ्या. रोज एक पान हातानं करा, मशीन न उघडता. नंतर तेच पान मशीनमधून काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जिथे फरक आहे तिथे कुणाचं बरोबर आणि का, हे समासात लिहा. ‘मला हे बरं वाटतं’ एवढं पुरे धरू नका. ‘आम्ही’ की ‘आपण’ असा प्रश्न आला तर बोलणारा कोण हे मागे जाऊन शोधा. सुट्ट्या वगळल्या तरी तीन महिन्यांत अशी साठ-सत्तर पानं होतील. त्यांतली तुम्हाला सगळ्यात अवघड गेलेली पाच मला पाठवा, समासातल्या नोंदींसकट. मी लाल शाईनं तपासून देईन.